कॉकाटिएल बोलत नाही, नुसता ओरडतो: काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात सहा महिन्यांचा पिवळा कॉकाटिएल (डोक्यावर तुरा असलेला, पोपटवर्गातला छोटा पक्षी) आहे, नाव चिकू. त्याला आणून दोन महिने झाले. रोज सकाळी तासभर मोबाईलवर ‘मिठू मिठू’ लावून ठेवता, पण अजून एक शब्द नाही. उलट संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात गेलात की तो किंचाळून घर डोक्यावर घेतो. शेजारच्या काकूंनी जिभेला मध-वेखंड लावायला सुचवलं, दुकानदाराने हिरवी मिरची चारायला सांगितली, आणि आता घरात विचार चालू आहे की जोडीला दुसरा पक्षी आणला तर हा बोलेल.

बरीच वर्षं हे पक्षी पाळतोय, त्यांची पिल्लं वाढवतोय, त्यामुळे आधी मूळ मुद्दा सांगतो. चिकूचं ते संध्याकाळचं ओरडणं आणि त्याचं बोलायला शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. तुम्ही ओरडण्याला त्रास समजताय आणि बोलणं मोबाईलकडून शिकवू बघताय. बोलण्याची शिकवणी त्या ओरडण्यातूनच सुरू होते.

कॉकाटिएल मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या प्रदेशातला. काकाकुवाच्या कुळातला हा सर्वांत लहान पक्षी, वजन साधारण ८० ते १०० ग्रॅम. रानात हे पक्षी पाण्याच्या आणि गवताच्या बियांच्या मागे थव्याने भटकतात. उघड्या माळावर थवा विखुरला की एकमेकांचा पत्ता लावायला ते हाका मारतात. एकाने हाक द्यायची, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, मग दोघंही निवांत. उत्तर आलं नाही की हाक वाढत जाते. पहाटे आणि सूर्य मावळताना हे सगळ्यांत जास्त चालतं.

आता तुमचं घर बघा. चिकूच्या थव्यात तुम्ही आणि घरातली बाकीची माणसं आहात, दुसरा पक्षी एकही नाही. संध्याकाळ झाली, थव्यातलं मुख्य माणूस भिंतीआड गेलं. तो हाक मारतो. तुम्ही कणीक मळताय, कुकर लावताय, उत्तर देत नाही. तो जोरात मारतो. शेवटी तुम्ही वैतागून बाहेर येता आणि ‘ए, गप रे!’ म्हणता. त्याच्या हिशोबाने उत्तर मिळालं, पण किंचाळल्यावरच मिळालं. उद्या तो थेट किंचाळण्यापासूनच सुरुवात करेल.

म्हणून पहिलं काम: त्याच्या हळू हाकेला उत्तर द्यायचं. दिवसभरात तो साधी, एक-दोन सुरांची, अजिबात न टोचणारी हाक अनेकदा मारत असतो. ती आपल्या लक्षातच येत नाही. ती ऐकू आली की लगेच, असाल तिथून, एक ठरलेला शब्द म्हणायचा. शब्द घरात स्वाभाविक वाटेल असा घ्या. ‘आलो!’, ‘इथेच आहे!’, ‘काय रे चिकू?’ यांपैकी काहीही चालेल, पण घरातल्या सगळ्यांनी तोच, त्याच चालीत म्हणायचा. बाहेर येऊन तोंड दाखवायची गरज नाही, आवाज पोचला की पुरे. आणि तो किंचाळायला लागला तर त्या क्षणी त्याच्याकडे जायचं नाही, रागवायचंही नाही. एखादा श्वास घेण्याइतका जरी तो थांबला किंवा सूर खाली आणला, तर त्या फटीत तुमचा शब्द टाकायचा. सुरुवातीचे काही दिवस ओरडणं उलट वाढेल, कारण जुना उपाय चालेनासा झालाय हे त्याला पटायला वेळ लागतो. तेवढं निभावून न्या. घरातल्या एकानेही मध्येच कंटाळून ‘गप!’ केलं, तर तो सगळ्यांत जोराचं ओरडणंच उपयोगाचं समजून बसतो.

यात काय घडतं ते समजून घ्या. ज्या क्षणी त्याला उत्तराची सगळ्यांत जास्त ओढ असते, त्याच क्षणी तो शब्द त्याच्या कानावर पडतो. तो शब्द म्हणजे थव्याची हाक होऊन बसते. पोपटवर्गातले पक्षी आपल्या थव्याच्या हाका ऐकून शिकतात, जोडीदाराच्या हाकेसारखी स्वतःची हाक वळवतात. हे शिकण्याची क्षमता त्यांच्या मेंदूतच आहे. पक्ष्यांमध्ये पोपट, गाणारे पक्षी आणि गुंजनपक्षी (हमिंगबर्ड) या तीनच गटांत ऐकून आवाज शिकण्याची ताकद ठळकपणे दिसते. कोंबडी कितीही वर्षं माणसांत राहिली तरी ‘ये’ म्हणणार नाही. चिकूकडे ती ताकद आहे, पण ती तो करमणुकीसाठी खर्च करत नाही, नात्यासाठी खर्च करतो. माझ्या ओळखीत एका घरात नातू शाळेतून आला की आजी रोज दारातच ‘आलास का रे?’ म्हणायच्या. त्यांच्या कॉकाटिएलला कोणी काहीही शिकवलं नव्हतं. त्याने पहिलं वाक्य उचललं ते हेच, आणि तेही दार वाजलं की म्हणायचा. घरात कोणीतरी आल्याचा आनंद रोज त्याच शब्दांत व्यक्त होत होता, म्हणून ते शब्द त्याला महत्त्वाचे वाटले.

मोबाईलवरच्या ‘मिठू मिठू’त नेमकं हेच नाही. तो आवाज कोणाचाच नाही. तो हाकेला उत्तर देत नाही, चिकूकडे बघत नाही, दाणा देत नाही. दोन-चार दिवसांनी पक्षी त्याला पंख्याच्या घरघरीसारखं समजून सोडून देतो. तासभर सलग वाजवण्यात आणखी एक तोटा आहे: एरवी सकाळी पक्षी स्वतः आवाज करून बघतो, त्या वेळेवर तुम्ही गोंगाट पसरवताय. ध्वनिफीत आजच बंद करा. ज्यांना फारच हौस आहे त्यांनी स्वतःच्या आवाजात मुद्रित केलेलं पाच मिनिटं, समोर बसून, आपणही सोबत म्हणत ऐकवावं, पण ते नुसतं तोंडाने म्हणण्यापेक्षा सरस ठरल्याचं मला तरी दिसलेलं नाही.

चिकू नर आहे की मादी, हे तुम्ही विचारलं नाही, पण सगळं त्यावर अवलंबून आहे. कॉकाटिएलमध्ये बोलणारे आणि शिट्ट्या घालणारे बहुतेक नर असतात. मादी हाका मारते, फुत्कारते, माणसाशी नरापेक्षा जास्त लाघवीसुद्धा होते, पण शब्द क्वचितच काढते. राखाडी रंगाच्या पक्ष्यात ओळखणं सोपं: मोठ्या नराचा चेहरा लख्ख पिवळा होतो, गालावरचा नारिंगी ठिपका उठून दिसतो. मादीचा चेहरा राखाडीच राहतो आणि शेपटीखाली आडवे पिवळे पट्टे राहतात. चिकू पिवळा म्हणजे बहुधा ल्युटिनो (राखाडी रंग नसलेला, पिवळा-पांढरा प्रकार) असणार, त्यात चेहऱ्यावरून काही कळत नाही. ल्युटिनो मादीच्या शेपटीखालच्या पिसांवर फिकट पिवळ्या रंगात तेच आडवे पट्टे असतात. पिसं उजेडासमोर धरून बारकाईने बघावी लागतात. पण लहान वयात नराच्या शेपटीवरही ते असतात. साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास पहिली पिसं झडायला लागतात, नवी येतात, तेव्हा नराचे पट्टे जातात. चिकू नेमका त्या उंबरठ्यावर आहे, म्हणून रंगावरून आज निकाल लावू नका. पिसावरून डीएनए चाचणी करून देणाऱ्या प्रयोगशाळा भारतात आहेत. घाई असेल तर ती करा.

वागणुकीवरून मात्र बराच अंदाज येतो. नर पिल्लू तीन-चार महिन्यांपासूनच वेड्यावाकड्या शिट्ट्या जुळवायला लागतं. दांडीवर ऐटीत येरझाऱ्या घालतं, पंख खांद्यापासून किंचित वर उचलून मागून बदामाच्या आकारात धरतं, चोचीने पिंजऱ्याच्या गजावर, वाटीवर, तुमच्या चष्म्यावर टकटक करतं. चिकू यातलं काही करतो का ते आठवडाभर बघा. करत असेल तर आशा भरपूर. नुसती एकसुरी हाक असेल आणि अंगावर यायला आवडत असेल, तर मादी असण्याची शक्यता धरून चाला. मादी निघाली तर तिच्याकडून शब्दांचा आग्रह सोडून द्यायचा. हाकेला उत्तर देण्याचा भाग तिलाही तितकाच लागू आहे, ओरडणं त्यानेच कमी होतं. तिच्या बाबतीत एकच सावधगिरी: पाठीवरून आणि शेपटीच्या बुडाशी कुरवाळू नका, अंधारी खोकी-कोनाडे देऊ नका. एकटी मादीही अंडी घालते, आणि सारखी घालत राहिली तर शरीरातलं कॅल्शियम संपून जिवावर बेततं.

आता अपेक्षा किती ठेवावी. ‘बोलणारा पोपट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आजोळच्या ओसरीवरचा हिरवा मिठू येतो, किंवा हल्ली चित्रफितींत दिसणारा आफ्रिकन राखाडी पोपट. कॉकाटिएल तितका स्पष्ट कधीच बोलत नाही. माणसाच्या शब्दाला आकार येतो तो घसा, जीभ, ओठ, गाल यांतून. पक्ष्याला ओठ नाहीत, आवाज तयार होतो तो श्वासनलिकेच्या तळाशी, जिथे तिचे दोन फाटे होतात तिथल्या स्वरयंत्रात. पोपट जीभ हलवून त्या आवाजाला वळण देतात, पण चिकूची सगळी यंत्रणा चिमुकली आहे. म्हणून त्याचा शब्द बारीक, थोडा फुसफुसता, शिट्टीत भिजलेला येतो. घरातल्या माणसांना कळतो, पाहुण्यांना सांगावं लागतं. चांगला नर आयुष्यात चार-आठ शब्द किंवा छोटी वाक्यं आणि काही चाली आत्मसात करतो. काही नर उत्तम शिट्ट्या घालतात आणि एकही शब्द काढत नाहीत. यात तुमचं काही चुकलेलं नसतं.

आणि अनेक जण इथेच वैतागतात आणि ‘मग पहाडी पोपटच आणू’ म्हणतात, म्हणून हेही सांगून टाकतो. आपल्या देशातले सगळे रानपोपट, घराजवळच्या झाडावरचा साधा हिरवा पोपटसुद्धा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. त्यांना पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. ढोलीतून काढलेल्या पिल्लांपैकी कित्येक वाटेतच मरतात. हा व्यवहार ओळखीतून झाला, फुकट मिळाला, तरी करू नका. कॉकाटिएल विदेशी आहे आणि इथे विकले जाणारे पक्षी पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात पैदास झालेले आहेत.

शब्द की शिट्टी, यावर पक्षी पाळणाऱ्यांत जुना वाद आहे. माझं मत ठाम आहे: शब्द हवे असतील तर पहिले काही महिने त्याच्यासमोर शिट्टी वाजवू नका. शिट्टी त्याच्या स्वतःच्या आवाजाच्या जवळची, त्यामुळे त्याला ती सोपी जाते, लगेच येते, लगेच कौतुक होतं, आणि मग कष्टाच्या शब्दाकडे तो वळत नाही. शब्द पक्का झाल्यावर शिट्ट्या खुशाल शिकवा. त्यात हा पक्षी खरोखर थक्क करतो. जपानमधले संशोधक योशिमासा सेकी यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसांच्या हातावर वाढलेले कॉकाटिएल, शिट्टीवरची चाल वाजत असताना तिच्याबरोबर सूर आणि वेळ साधून गाताना आढळले. चाल संपल्यावर नक्कल करणं वेगळं, आणि सोबत गाणं वेगळं. माणसाखेरीज फार थोड्या प्राण्यांत हे दिसतं. ज्यांचा पक्षी शब्द काढत नाही त्यांनी हे वाचून तरी शिट्टीला दुय्यम समजणं थांबवावं.

शब्द निवडताना अर्थाकडे कमी आणि चालीकडे जास्त लक्ष द्या. कॉकाटिएल आधी चढउतार पकडतो, मग कडेची अक्षरं भरतो. म्हणून सपाट म्हटलेला शब्द त्याला लागत नाही, थोडा वरच्या पट्टीत, लाडाने, शेवट उचलून म्हटलेला लागतो. क, ट, च, प अशी फटकन सुटणारी अक्षरं आणि ई, ऊ सारखे लांबवता येणारे स्वर असलेला शब्द चांगला. त्या हिशोबाने ‘चिकू’ हे नावच उत्तम आहे. ‘काय रे चिकू?’ तर त्याहून छान, कारण त्यात प्रश्नाची चाल आहे. ‘शुभ प्रभात’, ‘जय महाराष्ट्र’ वगैरे पाहुण्यांसाठीचे शब्द पहिल्या फेरीत नकोत. बायका आणि मुलं यांच्याकडून हे पक्षी लवकर शिकतात, त्याचं कारण बहुधा त्यांच्या आवाजाची उंच पट्टी असावी. तुमच्या घरात शाळकरी मुलगी आहे असं लिहिलंय, तर मुख्य शिक्षक तिलाच करा.

शिकवणीची वेळ छोटी ठेवा. सकाळी पिंजऱ्यावरचं कापड काढल्यावर आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आधी, दहा-दहा मिनिटं. टीव्ही, मिक्सर बंद. त्याला हातावर किंवा दांडीवर तुमच्या तोंडाच्या उंचीला घ्या. शब्द म्हणा, थांबा. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे, आणि सगळे तिथेच घाई करतात. त्याला उत्तर द्यायला जागा हवी. पाच-सात सेकंद त्याच्याकडे बघत राहा, मग पुन्हा. तो ऐकतोय की नाही ते तुरा सांगतो. तुरा अर्धा उभा, मान किंचित कललेली, अंग स्थिर, डोळा तुमच्या तोंडावर: ऐकतोय. तुरा ताठ सरळ उभा: दचकलाय, थांबा. तुरा मागे चपटा आणि फुस्स आवाज: चिडलाय, सोडून द्या. गालाची पिसं फुगवून चोच झाकली, चोच कुरकुर घासायला लागला: त्याला झोप येतेय, शिकवणी संपली.

दिवसभरात शब्द कामाला जोडून वापरा. अंघोळीच्या वाटीत पाणी घालताना ‘पाणी!’, दाणा देताना ‘खाऊ!’, झाकताना ‘झोप आता’. तेच काम, तोच शब्द, तीच चाल. रोज दोघं जण त्याच्यासमोर एक छोटं नाटक करू शकता. मुलीने खाऊकडे बोट दाखवून विचारायचं ‘काय पाहिजे?’, तुम्ही म्हणायचं ‘खाऊ!’, तिने तुम्हाला शेंगदाण्याचा दाणा द्यायचा. मग भूमिका बदलायच्या. चिकू बघत राहील, थोडा जळेल. अमेरिकेतल्या आयरीन पेपरबर्ग यांनी अॅलेक्स नावाच्या राखाडी पोपटाला अशाच पद्धतीने शिकवलं. १९७७ साली त्यांनी तो दुकानातून घेतला होता, २००७ साली तो गेला, आणि मधल्या तीस वर्षांत रंग, आकार, वस्तू यांची नावं तो समजून वापरायला शिकला. चिकू अॅलेक्स होणार नाही, पण शब्दाने काहीतरी मिळतं हे दुसऱ्याच्या व्यवहारातून त्यालाही दिसतं.

आता एक टप्पा येईल, तो ओळखा. दुपारच्या शांततेत किंवा रात्री झाकल्यावर तो स्वतःशीच अगदी हळू पुटपुटायला लागेल. डोळे अर्धे मिटलेले, गळ्याखालची पिसं थरथरताहेत, आणि चिवचिव, किर्र, मध्येच तुमच्या शब्दाच्या चालीसारखं काहीतरी. लहान मूल बोबडं बोलण्याआधी जे करतं तेच हे. शब्द इथे घडत असतो. अनेक लोकांना हे ऐकूच येत नाही, कारण पक्षी शांत झाला की आपण टीव्ही लावतो. ते ऐकू आल्यावर धावत जाऊन ‘म्हण, म्हण!’ करू नका, तो गप्प होईल. दुरून ऐका. त्यात कुठला तुकडा वारंवार येतो ते टिपून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच तुकडा ठळक करून त्याला परत द्या. समजा तो ‘..य्ये..कू’ असं काहीतरी घोळवतोय, तर तुमचा शब्द ‘काय रे चिकू’ हाच ठेवा, नवा शब्द त्या आठवड्यात आणू नका. पहिल्यांदा त्याने तुमच्यासमोर ओळखता येईल असं काही काढलं की लगेच राळ्याच्या किंवा बाजरीच्या कणसाचा तुकडा द्या आणि तोच शब्द आनंदाने परत म्हणा. राळ्याचं कणीस एरवी पिंजऱ्यात टांगून ठेवू नका, म्हणजे त्याची किंमत राहते.

पुटपुटणं सुरू झाल्यापासून स्पष्ट शब्दापर्यंत कधी काही आठवडे जातात, कधी काही महिने. पहिला शब्द सगळ्यांत उशिरा येतो, पुढचे भराभर येतात. वर्षाच्या आत चांगला नर काहीतरी काढतोच असा माझा अनुभव आहे. मोठ्या वयातही शिकतात, फक्त हळू. हे पक्षी नीट ठेवले तर पंधरा-वीस वर्षं जगतात, तेव्हा दोन महिन्यांत निराश होण्यासारखं काही नाही.

पिंजऱ्यात आरसा आहे का? असेल तर काढा. नर पिल्लाला आरसा म्हणजे सदैव हजर असलेला, कधी भांडण न करणारा सोबती. तो तासन्‌तास त्यालाच शिट्ट्या ऐकवतो आणि तुमच्याशी बोलायचं कारणच उरत नाही. हाच न्याय दुसऱ्या पक्ष्याला. जोडीदार आणला तर बोलेल ही समजूत उलटी आहे. दोन कॉकाटिएल आपसांत कॉकाटिएलच्याच भाषेत बोलतात, आणि ते त्यांच्यासाठी योग्यही आहे. पण दिवसातले आठ-दहा तास घर रिकामं असेल तर माझा सल्ला शब्दांचा नाद सोडून जोडीदार आणा असा राहील. थव्यात राहणाऱ्या पक्ष्याला दिवसभर एकटं कोंडून ठेवायचं, तेही दोन शब्दांसाठी, हे मला पटत नाही. तुमच्या पत्रावरून आई घरात असतात, त्यामुळे तुम्हाला ही घाई नाही. पुढे आणलाच, तर चिकूचे शब्द पक्के झाल्यावर आणा. आणि नवा पक्षी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवून मगच एकत्र करा.

मध-वेखंड नको. बाळाला चाटवतात म्हणून पक्ष्याला चालतं असं नाही. चोच जबरदस्तीने उघडून काहीही चोळलं की तो तुमच्या हाताला घाबरायला लागतो, आणि घाबरलेला पक्षी शिकत नाही. कोणी जीभ खरवडायला सुचवलं तर त्याचं ऐकूनही घेऊ नका, ती शुद्ध क्रूरता आहे. आवाज जिभेतून निघतच नाही, तो छातीजवळच्या स्वरयंत्रातून निघतो. मिरची मात्र द्यायला हरकत नाही. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही, कारण तो ओळखणारं त्यांचं चेतापेशींमधलं प्रथिन मिरचीतल्या तिखट द्रव्याला दाद देत नाही. मिरचीत जीवनसत्त्वं आहेत, तो आवडीने बिया खाईल, बोलण्याशी मात्र तिचा काही संबंध नाही.

बोलण्याशी संबंध आहे तो तब्येतीचा. दुकानातून आणलेले बहुतेक पक्षी नुसत्या राळा-बाजरी-सूर्यफुलावर असतात. सूर्यफूल तर त्यांना फरसाणासारखं लागतं, त्याच्यामागे बाकी सगळं सोडतात. त्याने यकृतावर चरबी चढते. हळूहळू कोथिंबीर, पालक, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, भिजवलेले मूग, चांगल्या प्रतीचे पेलेट्स (पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्या) यांची सवय लावा. समुद्रफेस टांगून ठेवा. अॅव्होकाडो, चॉकलेट, कांदा, मीठ यांपैकी काहीही नाही. रात्री दहा ते बारा तास अंधार आणि शांतता हवी. बैठकीच्या खोलीत अकरापर्यंत टीव्ही चालू असेल तर पिंजरा रात्री दुसऱ्या खोलीत हलवा. झोप न झालेला पक्षी चिडचिडा आणि ओरडाही होतो. त्या संध्याकाळच्या तमाशामागे हेही एक कारण असू शकतं. काही कॉकाटिएल, त्यातही ल्युटिनो, रात्री अंधारात अचानक दचकून पिंजऱ्यात फडफडतात. त्यांच्यासाठी मंद दिवा राहू द्या, आणि दिवाळीत पिंजरा खिडकीपासून लांब, आतल्या खोलीत ठेवा.

दोन धोके वेगळे सांगतो, कारण यांनी मी पक्षी गेलेले पाहिले आहेत. एक छताचा पंखा. चिकू बाहेर असताना पंखा बंद म्हणजे बंद, हळूही नाही. दुसरा, न चिकटणारा तवा. तो रिकामा तापून धूर सुटला की त्यातला वायू या पक्ष्यांना काही मिनिटांत मारू शकतो. त्यांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि हवेतलं काहीही त्यांच्या अंगात आपल्यापेक्षा वेगाने जातं. उदबत्ती, धूप, मच्छर अगरबत्ती, खोलीत फवारायचे सुगंध हेही त्याच खोलीत नकोत. स्वयंपाकघरात त्याला सोबत नेण्याचा मोह तुम्हाला होईल, कारण तिथेच तो ओरडतो. नेऊ नका, तिथून आवाज द्या.

आणि एरवी बडबड्या असलेला चिकू अचानक गप्प झाला, पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला, श्वासाबरोबर शेपटी वरखाली व्हायला लागली किंवा आवाज घोगरा झाला, तर ते बोलण्याचं प्रकरण नाही. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात. त्याच दिवशी पक्षी बघणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघत नाहीत, म्हणून जवळ कोण बघतं ते आजच विचारून ठेवा.

या आठवड्यात इतकंच करा: ध्वनिफीत बंद, आरसा बाहेर, घरात सगळ्यांचा एकच शब्द ठरवा, हळू हाकेला उत्तर द्यायला लागा, आणि रात्री झाकल्यावर दहा मिनिटं खोलीबाहेर शांत उभं राहून ऐका. पुटपुटणं ऐकू आलं तर त्याची चाल कशी आहे ते मला कळवा, म्हणजे पुढचा शब्द कोणता घ्यावा ते सांगता येईल.